कार्ड फुल: डॅशकॅममधली जागा नेमकी कोण अडवतं?

डॅशकॅममधलं, म्हणजे गाडीच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्यातलं, जुनं रेकॉर्डिंग पुसायला माणूस लागत नाही. कॅमेरा एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करतो आणि मेमरी कार्ड भरत आलं की सर्वांत जुना तुकडा काढून त्या जागी नवा लिहितो. हेच लूप रेकॉर्डिंग. त्यामुळे कार्ड ९५ टक्के भरलेलं दिसलं तर घाबरू नका. धडधाकट डॅशकॅमचं कार्ड पहिले काही दिवस सोडले तर कायम काठोकाठ भरलेलंच असतं. तरीही स्क्रीनवर ‘कार्ड फुल’ झळकलं, किंवा कॅमेरा टुकटुक आवाज करत रेकॉर्डिंग थांबवायला लागला, तर कारण बहुतेक वेळा दोहोंपैकी एक निघतं. एक तर लॉक झालेल्या फाइल्सनी जागा अडवलेली असते, नाहीतर कार्ड थकलेलं असतं. क्वचित सेटिंगमध्ये लूपच ‘ऑफ’ झालेलं सापडतं. फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर हे आधी बघून घ्यावं.

म्हणजे साध्या फाइल्स निवडून निवडून डिलीट करत बसण्यात काहीच हशील नाही. त्या जाणारच होत्या. बघायचं ते लॉक फाइल्सकडे.

लॉक फाइल्स

गाडीला हिसका बसला की कॅमेऱ्यातला जी-सेन्सर चालू फाइल लॉक करतो, म्हणजे लूपने पुसू नये अशी खूण तिच्यावर करतो. अपघाताचं चित्रण वाचावं म्हणून ही सोय. पण सेन्सरला अपघात कळत नाही, कळतो फक्त हिसका. खड्डा, गतिरोधक, जोरात आपटलेली डिकी, करकचून दाबलेला ब्रेक, संवेदनशीलता ‘हाय’वर असेल तर हे सगळे त्याच्या लेखी अपघातच. आता हिशेब बघा. फुल एचडीचं रेकॉर्डिंग १६ एमबीपीएसने (सेकंदाला १६ मेगाबिट, यालाच बिटरेट म्हणतात; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) होत असेल तर तीन मिनिटांची फाइल ३६० एमबीची बनते. दिवसाला असे पाच खोटे लॉक झाले तर रोज १.८ जीबी जागा अडली. या वेगाने ६४ जीबीचं कार्ड साधारण पाच आठवड्यांत निव्वळ खड्ड्यांच्या चित्रणाने भरतं.

आणि ‘कार्ड फुल’ येण्याच्या कितीतरी आधी नुकसान सुरू झालेलं असतं. लॉक फाइल्स वाढतात तशी लूपला उरलेली जागा आक्रसत जाते. सुरुवातीला आठ तासांचं मिळणारं रेकॉर्डिंग चारवर येतं, मग एकावर. कालच्या सकाळचं फूटेज शोधायला जावं तर कार्डावर आज दुपारनंतरचंच सापडतं. ‘माझा कॅमेरा मधलं रेकॉर्डिंगच करत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. कॅमेऱ्याने रेकॉर्ड केलेलं असतं, जागा नसल्याने लगेच पुसलेलंही असतं.

सगळे कॅमेरे लॉक फाइल्स सारख्या पद्धतीने सांभाळत नाहीत. काही त्यांना मर्यादाच घालत नाहीत. असे कॅमेरे शेवटी ठप्प होतात. काही कॅमेरे कार्डाचा ठरावीक हिस्सा लॉक फाइल्ससाठी राखून ठेवतात आणि तो भरला की सर्वांत जुनी लॉक फाइल काढतात. हे कॅमेरे ‘कार्ड फुल’ कधीच म्हणत नाहीत, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण गेल्या महिन्यातल्या खऱ्या धडकेची फाइल या महिन्यातल्या खड्ड्यांनी ढकलून बाहेर काढलेली असू शकते. तुमचा कॅमेरा कोणत्या जातीचा ते मॅन्युअलमध्ये शोधा. हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट ठरवता येत नाही.

या फाइल्स सापडतात कुठे? व्हायोफोच्या कॅमेऱ्यांत ‘डीसीआयएम’मध्ये ‘मूव्ही’ आणि त्याच्या आत ‘आरओ’ नावाचा फोल्डर असतो. ७०माय वेगळा ‘इव्हेंट’ फोल्डर ठेवतो. ब्लॅकव्ह्यूमध्ये सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरात असतात आणि फरक नावात असतो. तारीख-वेळेनंतर ‘एन’ असेल तर साधी फाइल, ‘ई’ म्हणजे धक्क्याने झालेली, ‘पी’ पार्किंगची, ‘एम’ हाताने बटण दाबून केलेली. त्यापुढचं अक्षर ‘एफ’ असेल तर पुढचा कॅमेरा, ‘आर’ असेल तर मागचा. इतर कंपन्यांची नावं वेगळी असतील, पण रचना याच दोन प्रकारांत बसते.

उपाय सेन्सरच्या सेटिंगमध्ये आहे. ‘हाय’ असेल तर एक पायरी खाली आणा आणि नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगाने जाऊन या. गतिरोधकावर स्क्रीनवर कुलपाचं चिन्ह आलं तर अजून एक पायरी खाली. सर्वांत खालच्या पायरीवरही येत असेल तर सेन्सर सरळ बंद करून हाताने लॉक करायचं बटण वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. खऱ्या धडकेनंतर बटण दाबायला जमणार नाही, ही भीती रास्त आहे. पण कार्ड मोठं असेल तर पुढचे कित्येक तास ती फाइल तशीही पुसली जात नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत पार्किंगमधल्या सेन्सरची संवेदनशीलता वेगळी ठरवता येते, ती मात्र जास्तच ठेवा. उभ्या गाडीला बसलेला धक्का हलका असतो.

दुसरा उपाय म्हणजे फाइलची लांबी. तीनऐवजी एक मिनिट ठेवली तर प्रत्येक लॉक ३६० ऐवजी १२० एमबीच अडवतो. यात तोटा एवढाच की घटना दोन फाइल्सच्या सीमेवर घडली तर आधीचं दृश्य मागच्या, लॉक न झालेल्या फाइलमध्ये राहतं. काही कॅमेरे अशा वेळी मागचीही फाइल लॉक करतात, पण सगळे नाही.

किती तासांचं मावतं

बिटरेटला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी लागतात ते कळतं. १६ एमबीपीएस म्हणजे तासाला ७.२ जीबी. ४८ एमबीपीएसने चालणारा फोर-के कॅमेरा तासाला २१.६ जीबी घेतो. त्याला मागे फुल एचडी कॅमेरा जोडलेला असेल तर दोघांची बेरीज ६४ एमबीपीएस, म्हणजे तासाला २८.८ जीबी. मग १२८ जीबीचं कार्ड साडेचार तासही पुरत नाही, आणि लॉक फाइल्सचा हिस्सा त्यातूनच जायचा असतो.

बिटरेट माहीत नसेल तर कार्डावरची एक पूर्ण फाइल घ्या, तिचा आकार एमबीमध्ये बघा आणि जितक्या मिनिटांची आहे तितक्याने भागा. येणाऱ्या आकड्याला ६० ने गुणलं की तासाचा खर्च मिळाला. खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा हा आकडा खरा.

जागा वाचवायला माइक बंद करणारे भेटतात. आवाजाला शंभर-दीडशे केबीपीएस पुरतात, चित्राला हजारो लागतात. एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. खरी बचत होते ती व्हिडिओ दाबून साठवायची एच.२६५ ही नवी पद्धत निवडल्यावर. जुन्या एच.२६४ च्या तुलनेत तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा लागते, फक्त जुन्या कॉम्प्युटरवर अशा फाइल्स अडखळत चालतात किंवा चालतच नाहीत. अशा वेळी व्हीएलसी प्लेअर टाकून बघा. सेकंदाला ६० फ्रेमऐवजी (चित्रांऐवजी) ३० फ्रेमवर यायलाही हरकत नाही. पण रिझोल्यूशन किंवा बिटरेट खाली आणू नका. समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येणार नसेल तर ते रेकॉर्डिंग ठेवून उपयोग काय?

एका फुल एचडी कॅमेऱ्याला १२८ जीबी आणि फोर-के अधिक मागच्या कॅमेऱ्याला २५६ जीबी, यापेक्षा कमी घेऊ नये. गाडीवर ओरखडा दिसतो किंवा कुणी तक्रार करतं ते बहुतेक वेळा नंतर, आणि तोवर त्या दिवसाचं संपूर्ण ड्रायव्हिंग कार्डावर असायला हवं. घेण्याआधी कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड घेतो ते बघा. मर्यादेपलीकडचं कार्ड काही कॅमेरे ओळखतच नाहीत. काही ओळखतात आणि मध्येच एरर देतात, ते जास्त वाईट.

डिलीट नव्हे, फॉरमॅट, आणि तोही कॅमेऱ्यातच

कार्ड साफ करायची खात्रीची रीत एकच. आधी हव्या त्या फाइल्स कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि त्यातली एक-दोन प्रत्यक्ष चालवून बघा. मग कार्ड कॅमेऱ्यात घाला, गाडी सुरू करा म्हणजे वीजपुरवठा मध्येच तुटणार नाही, रेकॉर्डिंग थांबवा (बहुतेक कॅमेऱ्यांत ते चालू असताना मेनू उघडतच नाही), सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट करा. काही सेकंदांत काम होतं. त्यानंतर रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं का आणि तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा. वेळ चुकलेलं फूटेज पुरावा म्हणून दाखवताना फार मनस्ताप देतं.

कॉम्प्युटरवर फॉरमॅट का नको? कार्डावर फाइल्स मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीची असतात, त्यावरची ६४ जीबी आणि पुढची एक्सफॅटची. पण कित्येक डॅशकॅम मोठ्या कार्डालाही फॅट३२ च करतात. विंडोजची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या पुढे फॅट३२ चा पर्याय देत आलेली नाही. म्हणून तिथे ६४ जीबीचं कार्ड फॉरमॅट करून कॅमेऱ्यात घातलं की काही मॉडेल ‘कार्ड एरर’ दाखवतात. कार्ड चांगलं असतं, फक्त मांडणी कॅमेऱ्याला कळत नाही. कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं की तो आपल्याला हवी ती पद्धत, हवे ते फोल्डर स्वतःच तयार करतो.

सुट्या फाइल्स डिलीट करण्यात आणखी भानगडी आहेत. मध्येमध्ये मोकळ्या फटी पडतात, नवी फाइल त्या फटींतून तुकड्यातुकड्याने लिहिली जाते आणि ‘कार्ड स्लो’चा इशारा येऊ लागतो. मॅकवर डिलीट केलेल्या फाइल्स कार्डावरच्याच एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जातात. मॅकवर कचरा रिकामा केल्याशिवाय कार्ड काढलं तर एक जीबीही मोकळी झालेली नसते. कॅमेऱ्याला तो फोल्डर माहीत नसल्याने ती जागा कायमची अडकते. लॉक फाइल्सवर पुष्कळदा ‘रीड ओन्ली’ची खूण असते. अशी एखादीच फाइल काढायची असेल तर विंडोजमध्ये तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण आधी काढा.

रोज गाडी चालत असेल तर महिन्यातून एकदा फॉरमॅट पुरे, कमी चालत असेल तर दोन महिन्यांतून. फॉरमॅटने कार्ड झिजतं ही भीती बाळगू नका. साध्या फॉरमॅटमध्ये फाइल्सची यादी तेवढी नव्याने लिहिली जाते, बाकी कार्डाला हात लागत नाही. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालं तरी आशा असते. त्या क्षणी कॅमेरा बंद करून कार्ड काढा, एकही मिनिट नवं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका, आणि फोटोरेकसारख्या मोफत साधनाने शोध घ्या. सलग लिहिलेल्या फाइल्स बऱ्याचदा शाबूत मिळतात, तुकड्यांत विखुरलेल्या अर्धवट.

कार्ड काढताना

गाडी बंद केल्यावर कॅमेऱ्याचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा. आतला कपॅसिटर किंवा छोटी बॅटरी पुढचे काही सेकंद वीज देते, तेवढ्यात शेवटची फाइल बंद केली जाते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा सर्वांत शेवटी लिहिली जाते. ती लिहिली गेली नाही तर आतलं चित्रण असूनही फाइल उघडत नाही. टीएस प्रकारात रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांना हा त्रास नाही, तुटलेली टीएस फाइल तुटली तिथपर्यंत चालते.

खाचेत स्प्रिंग असते. नखाने कार्ड आत दाबलं की खट् आवाज येऊन ते बाहेर उडी मारतं, आणि कॅमेरा काचेला उलटा चिकटवलेला असेल तर थेट डॅशबोर्डच्या फटीत जातं. दुसऱ्या हाताचं बोट समोर धरूनच दाबा. परत घालताना सोनेरी पट्ट्यांची बाजू खाचेजवळच्या चित्राप्रमाणे ठेवा. जोर लावावा लागत असेल तर बाजू उलटी आहे.

वाय-फायवरून फोनमध्ये एक-दोन छोट्या क्लिप घ्यायला हरकत नाही, त्याहून जास्तीला कार्ड रीडरच बरा. अ‍ॅप सतत तुटत असेल तर फोनचा मोबाइल डेटा तात्पुरता बंद करा. कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन परस्पर डेटाकडे वळतो. आणि अ‍ॅपमधून फाइल्स बघताना काही कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवतात, हेही लक्षात असू द्या.

कार्ड थकलं की

लॉक फाइल्स नाहीत, फॉरमॅट केलेलं आहे, तरी एरर येते, तर संशय कार्डावर. शून्य बाइटच्या फाइल्स, दोन फाइल्समध्ये बऱ्याच सेकंदांची खिंडारं, कॅमेरा पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होणं ही सगळी लक्षणं. सर्वांत फसवं लक्षण वेगळंच आहे. तुम्ही फाइल्स डिलीट करता, त्या जातात. कार्ड काढून पुन्हा लावता तर सगळ्या जशाच्या तशा परत. फॉरमॅट केलं तरी तेच. ही जादू नव्हे, आणि व्हायरसही नव्हे. झिजलेल्या कार्डाने नवं काही लिहून घेणं थांबवलेलं आहे. त्यातलं हवं ते उतरवून घ्या आणि कार्ड फेकून द्या. ते दुरुस्त होत नाही.

कार्ड झिजतं कारण त्यातली माहिती साठवणारी प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. सॅनडिस्कने आपल्या हाय एन्ड्युरन्स मालिकेतल्या ६४ जीबी कार्डासाठी २६ एमबीपीएसच्या फुल एचडी रेकॉर्डिंगचे ५,००० तास सांगितले आहेत. २६ एमबीपीएस म्हणजे तासाला ११.७ जीबी, ५,००० तासांत ५८.५ टीबी. त्याला ६४ जीबीने भागलं की संपूर्ण कार्ड साधारण ९०० वेळा भरून पुसलं गेलं. १२८ जीबीला तीच कंपनी १०,००० तास देते. क्षमता दुप्पट, आयुष्य दुप्पट. मोठं कार्ड घ्यायचं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते अधिक वजनाचं.

उलट वेगाच्या वर्गांचं फार कौतुक नको. क्लास १० आणि यू१ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३० एमबी. फोर-के आणि मागचा कॅमेरा मिळून ६४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ एमबीच लिहितात. थोडा वाव असावा म्हणून यू३ घ्या, ए१-ए२ कडे तर बघूही नका. तो फोनमधल्या अ‍ॅपसाठीचा वर्ग आहे. पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’, ‘मॅक्स एन्ड्युरन्स’ किंवा ‘प्रो एन्ड्युरन्स’ यांपैकी काही लिहिलेलं असणं मात्र महत्त्वाचं. साध्या कार्डांच्या वॉरंटीतून डॅशकॅमचा वापर बहुधा वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचून घ्या.

नवं कार्ड घातल्या घातल्या तपासा. बनावट कार्डं कॉम्प्युटरला २५६ जीबी सांगतात, आत ३२ च असतात. पहिले ३२ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यापुढे फाइल्स दिसतात पण उघडत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ लिहून परत वाचून बघतात. काही तास लागतात, लागू द्या.

अपघात झाल्यावर

लॉकचं बटण दाबा, आणि जागचे हलायच्या आधी कॅमेऱ्याची वीज तोडून कार्डच काढून घ्या. दुसरं कार्ड गाडीत ठेवलेलं असेल तर ते घालून पुढचं रेकॉर्डिंग सुरू ठेवता येतं. उतरवताना फक्त लॉक झालेली फाइल घेऊ नका, तिच्या मागच्या-पुढच्या दोन-दोन आणि मागच्या कॅमेऱ्याच्या त्याच वेळेच्या फाइल्सही घ्या. मायक्रोएसडी मोठ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घातलं असेल तर त्याच्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’कडे सरकवा, म्हणजे कॉम्प्युटरकडून कार्डावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते. मूळ फाइल कापाकापी न करता, नाव न बदलता दोन ठिकाणी ठेवा.

आता उभ्या गाडीचं. पार्किंग मोडमध्ये (गाडी उभी असतानाच्या रेकॉर्डिंगमध्ये) जागा सर्वांत वेगाने जाते ती हालचाल ओळखणाऱ्या पर्यायात, कारण समोर झाड हललं तरी फाइल बनते. सेकंदाला एक फ्रेम घेणाऱ्या टाइमलॅप्समध्ये तासाभराचं रेकॉर्डिंग दोन मिनिटांत बसतं. गर्दीच्या जागी गाडी लावत असाल तर तोच निवडा.

कॅमेरा किंवा गाडी विकताना साधं फॉरमॅट पुरत नाही. घराचा पत्ता, रोजचे रस्ते, जीपीएसच्या नोंदी, गाडीतलं बोलणं, सगळं फोटोरेकसारख्या साधनांनी परत काढता येतं. कार्ड स्वतःकडे ठेवून घेणं सर्वांत सोपं. द्यायचंच असेल तर विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, किंवा एसडी असोसिएशनच्या मोफत फॉर्मॅटरमधला ‘ओव्हरराइट’ पर्याय वापरा. कॅमेरा मात्र फॅक्टरी रीसेट करून, वाय-फायचा पासवर्ड आणि अ‍ॅपमधलं खातं काढून मगच द्या. क्लाउडला जोडलेला कॅमेरा तसाच दिला तर नव्या मालकाचं फूटेज तुमच्या फोनवर येत राहू शकतं.